सगळे जमतील तेव्हा

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. खास कारण नाही. पाऊस, पाहुणे आणि कर्जत लोकल, एवढ्यातच माणूस संपतो. आज मात्र एका वाक्याबद्दल लिहायचंच म्हणून बसलोय. वाक्य अगदी साधं आहे, तुम्हीही महिन्यातून दोनदा म्हणत असाल: "सगळे जमतील तेव्हा बसू."

माझं मत विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही, पण ते चालायचंच) कुठल्याही कंपूच्या मुळावर येणारं याच्याइतकं दुसरं वाक्य नाही. भांडणाने कंपू मोडतात हे खरं, पण थोडे. बाकीचे बरेचसे या वाक्याने मोडतात. आणि गंमत अशी, की ते कोणी वाईट हेतूने म्हणत नाही. प्रेमाने म्हणतात. "त्याला सोडून कसं बसायचं?" म्हणून थांबतात, आणि थांबता थांबता कंपू विरून जातो. भांडणाला निदान तारीख तरी असते. याला तीही नसते.

आता आमच्या कंपूबद्दल. नातेवाईक मंडळींसाठी जरा समजावून सांगतो, कारण आत्याला अजून वाटतं की आम्ही कडावात रात्री पत्ते कुटतो, आणि मामाच्या मते ती घोडी झालेल्या पोरांची सापशिडी आहे.

खेळ असा. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. एक जण सूत्रधार. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. कोणी लढवय्या, कोणी वैदू, कोणी भुरटा चोर. सूत्रधार सांगतो, "गुहेच्या तोंडाशी आलात. आतून धूर येतोय. काय करता?" तुमचं पात्र काय करेल ते तुम्ही सांगायचं. जमलं की फसलं हे फासा ठरवतो, आणि हा फासा वीस बाजूंचा असतो. बाकी साहित्य म्हणजे कागद, पेन्सिल आणि चहा. कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही, आणि गोष्ट एका रात्रीत संपत नाही. पुढच्या बैठकीला तिथूनच पुढे. इंग्रजीत याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत ती पोरं तळघरात बसून खेळतात ना, तोच.

आम्ही २०१८ मध्ये सुरुवात केली. सूत्रधार धरून सहा जण. सूत्रधार आमच्या ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वर्गातल्या पोरांना गोष्टी सांगून सांगून त्यांची जीभ अशी तयार झालेली, की अंगावर काटा यावा. परदेशी किल्ले आणि ड्रॅगन त्यांनी पहिल्याच महिन्यात काढून टाकले आणि आम्हाला थेट कोथळीगडावर नेऊन सोडलं. आपला पेठचा किल्ला हो, कशेळ्याच्या पुढे आंबिवलीहून जातात तो. ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की असल्या खेळासाठी याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. पायथ्याशी कोरीव खांबांची गुहा, आणि वर जायला सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना. त्या जिन्यात आमचे तीन कंदील आणि एक चोर आजवर हरवलेत.

तर असा हा कंपू. आणि आता अडचण.

कर्जत तालुक्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे 'सुट्टीचा दिवस' नावाची गोष्ट सगळ्यांची मिळून नसते. मी लोकलवाला. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, जायला दोन तास, यायला दोन तास, वर कडावपर्यंतची रिक्षा. मला रविवारच काय तो मोकळा. आमचा एक मित्र फार्महाऊस सांभाळतो. मुंबईकर शनिवार-रविवारी इकडे लोटतात, त्यामुळे माझा मोकळा दिवस म्हणजे त्याचा मरणाचा दिवस. तिसऱ्याची भातशेती, जुलैत लावणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी, तेव्हा त्याला फासा काय, स्वतःचं नाव आठवत नाही. चौथ्याचं औषधांचं दुकान, ते रात्री दहापर्यंत. पाचवी आमची वहिनी, घरात दोन लहान पोरं. ताईंना शाळा, आणि शाळा कमी पडली तर निवडणुकीचं काम. वर गणपती, लग्नसराई, कोणाचं बारसं, कोणाचं वर्षश्राद्ध.

इथे थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. समजा सहाजणांपैकी प्रत्येकाला निम्म्या संध्याकाळी वेळ असतो. (हे फारच उदार झालं, पण असो.) एकाच संध्याकाळी सहाही जण मोकळे असण्याची शक्यता किती? निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, असं सहा वेळा. उत्तर चौसष्टात एक. म्हणजे दोन महिन्यांत एकदा, आणि तेही कोणाला ताप न येता. आता नियम बदला: सूत्रधार हव्यात, आणि बाकीच्या पाचांपैकी कोणीही तीन आले की खेळ सुरू. लगेच शक्यता चारात एक होते. आणखी एक पाऊल पुढे. सूत्रधारही बदलता आला, म्हणजे सहांपैकी कोणीही चार चालले, तर साधारण तिनात एक. माणसं तीच, त्यांचे व्याप तेच. चौसष्टात एक आणि तिनात एक, हा सगळा फरक फक्त 'सगळे' या एका शब्दाचा.

म्हणून मी म्हणतो की कंपू माणसांच्या व्यापामुळे मोडत नाही. व्याप सगळ्यांनाच असतात, पूर्वीही होते. आपण प्रत्येकाला अपरिहार्य करून ठेवतो, त्याने मोडतो.

हा खेळ मुळात तसा नव्हताही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तेव्हा एका खोक्यात तीन लहान पुस्तिका होत्या. त्यात खेळाडू किती असावेत, तर चार ते पन्नास! एका सूत्रधारामागे वीसेक जण असं प्रमाण दिलेलं. पन्नास माणसं एका टेबलाशी बसणार नाहीत हे त्यांनाही कळत होतं. कल्पना अशी, की मोहीम मोठी, गोतावळा मोठा, आणि त्या दिवशी जे येतील ते खेळतील. पाचच वीर, पाचांचीच गोष्ट, आणि एक जरी नसला तरी गोष्ट अडली, ही आताची सवय. तिने गोष्ट रंगते हे मान्य. पण गोष्ट जितकी रंगते तितकी गैरहजेरी महाग होत जाते.

याच खेळात बेन रॉबिन्स नावाच्या एकाने 'वेस्ट मार्चेस' नावाची मोहीम चालवली होती आणि २००७ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. त्याच्याकडे दहा-चौदा खेळाडू होते, ठरलेला वार नाही, ठरलेली टोळी नाही. खेळाडूंनीच आपसात ठरवून सूत्रधाराला सांगायचं, अमक्या दिवशी आम्ही इतके जण अमुक जागी जाणार. आणि यातली मेख अशी, की प्रत्येक बैठक गावातून सुरू व्हायची आणि गावातच संपायची. रानात अर्धवट कोणाला सोडायचं नाही. त्यामुळे पुढच्या वेळी वेगळी माणसं आली तरी काही बिघडत नाही. किती साधी युक्ती! पण ती सुचायला आधी हे मान्य करावं लागतं की सगळे कधीच जमणार नाहीत.

आपल्याकडे हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. भजनी मंडळ बघा. एकादशीला भजन म्हणजे भजन. बुवा आले नाहीत तर दुसरा कोणी पेटी ओढतो. मृदंगवाला लग्नाला गेला तर पोरगा थाप मारतो, चुकतो, म्हातारे डोळे वटारतात, भजन पुढे जातं. पेटी मंडळाची, टाळ मंडळाचे, वही मंडळाची. कोणाच्या घरात काही अडकलेलं नाही. आणि तिथीचा आणखी एक फायदा आहे, तो माझ्या फार उशिरा ध्यानात आला. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे तिथी दर महिन्याला एक-दोन वार पुढे सरकते. रविवार ठरवला की फार्महाऊसवाल्याचा कायमचा काटा निघाला. बुधवार ठरवला की लोकलवाल्याचा. तिथी ठरवली की गैरसोय सगळ्यांच्या दारावरून फिरते, आणि कोणा एकाच्या घरी मुक्काम करत नाही.

लोकलमधलं भजन तर याच्याही पुढचं. ठरलेली गाडी, ठरलेला डबा. टाळ पिशवीत. कोणी कर्जतला बसतो, कोणी बदलापूरला चढतो, कोणी ठाण्याला अर्ध्या अभंगात उतरतो. गाडी कोणासाठी थांबत नाही, म्हणून भजनही थांबत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा तीही मंडळं गप्प झाली. पण गाड्या पूर्ववत सुरू झाल्यावर डब्यातून पुन्हा टाळ ऐकू यायला लागले. वेळ आणि डबा ठरलेला असला की परत यायला वाट असते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण यात माणसाची किंमत काय राहिली? मी नसलो तरी चालतं, मग मी यायचं कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर मला पुस्तकात मिळालेलं नाही, घरात मिळालंय.

२०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. पुढचे आठ महिने दवाखाना, व्यायाम करून घेणारा माणूस, औषधं आणि उरलेल्या वेळात नोकरी, यात गेले. आप्पा गावच्या भजनी मंडळात पंचवीस-तीस वर्षं टाळ वाजवणारे. म्हणजे आमच्या एकाच घरातून दोन माणसं दोन कंपूंतून एकदमच गैरहजर झाली. आप्पा मंडळातून, आणि मी खेळातून.

माझा कंपू थांबला. "तू मोकळा झालास की सुरू करू, तुझ्याशिवाय मजा नाही," म्हणाले. किती चांगली माणसं! मला तेव्हा बरंही वाटलं. पण दुसऱ्या महिन्यात कोणी "कधी जमेल?" विचारलं की पोटात गोळा यायला लागला. पाच माणसांची करमणूक माझ्यामुळे अडलीय, हे ओझं. ते कोणी घातलं नव्हतं, पण होतं. पुढे पुढे मित्रांचा फोन आला की मी तो वाजू द्यायचो. रागाने नव्हे, संकोचाने. थांबणाऱ्यांच्या मनात ते प्रेम असतं. ज्याच्यासाठी थांबतात त्याच्यासाठी ते देणं होऊन बसतं.

आप्पांचं मंडळ एका एकादशीपुरतंही थांबलं नाही. आईला सुरुवातीला ते लागलं होतं. "तीस वर्षांचा माणूस अंथरुणात, आणि यांचं आपलं चाललंय." पण दुसऱ्या दिवशी, म्हणजे द्वादशीला सकाळी, मंडळातलं कोणी ना कोणी प्रसाद घेऊन यायचं. न चुकता. दर वेळी माणूस वेगळा, पण यायचं. पलंगाशी बसून कालचा वृत्तांत: अमक्याने चाल भलत्या पट्टीत धरली, तमक्याचा आवाज फाटला, गौळणीला लय पळाली, "तात्या, तुमचा टाळ नसला की असं होतं बघा." आप्पा एका बाजूने हसायचे. त्यांचं बोलणं सुधारलं त्यात औषधाचा वाटा किती आणि द्वादशीच्या त्या कुचाळक्यांचा किती, ते डॉक्टरांना विचारायला हवं.

सात-आठ महिन्यांनी आप्पांना धरून देवळात नेलं. भजन चालू होतं. कोणी थांबलं नाही, कोणी भाषण केलं नाही. भिंतीशी टेकायला जागा करून दिली, आणि एकाने टाळ त्यांच्या मांडीवर ठेवला. उजव्या हातात पकडता येत नव्हता. आजही नीट येत नाही. पण ते जातात.

त्याच सुमारास मीही मोकळा झालो. आणि मला जायला जागाच नव्हती. आठ महिन्यांत ताईंच्या वहीतले धागे त्यांनाच लागेनात, फार्महाऊसवाला दुसऱ्या कामाला लागलेला, वहिनींनी त्या वेळेत शिवणकाम घेतलेलं. कोणी कोणावर नाराज नव्हतं. फक्त बैठक राहिली नव्हती. तेव्हापासून आजपर्यंत आम्ही मोजून चार वेळा बसलो असू. उरलेला सगळा वेळ "सगळे जमतील तेव्हा."

दोन्हीकडे माया होती, हे नीट लक्षात घ्या. फरक एवढाच, की मंडळाने भजन आप्पांसाठी थांबवलं नाही आणि आप्पांना मात्र सोडलं नाही. आमच्याकडे खेळ थांबला, आणि मग एकमेकांकडे जायला निमित्तही उरलं नाही. म्हणून माझा सिद्धांत असा: बैठक चालू ठेवायची, आणि न आलेल्याच्या घरी जायचं. यातलं नुसतं पहिलं केलं तर कंपूचं ऑफिस होतं. नुसतं दुसरं केलं तर आठवणी उरतात. दोन्ही केलं तर तो कंपू राहतो.

आणि न आलेल्याच्या घरी जाणारा, फोन करणारा, जागेची किल्ली आणणारा असा एक माणसाळलेला माणूस लागतो. तो सूत्रधारच असला पाहिजे असं नाही; किंबहुना नसावाच. नाटकवाल्यांचं उदाहरण घ्या. रंगायनमधून बाहेर पडलेल्या अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे वगैरे मंडळींनी १९७१ मध्ये 'आविष्कार' सुरू केली. पुढे १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात त्यांनी जे प्रयोग केले, त्याला आज छबिलदास चळवळ म्हणतात. नाटककार, दिग्दर्शक, नट येत-जात राहिले. काकडेकाका पडद्यामागे राहून संस्थेचा संसार सांभाळत राहिले, थेट २०१९ मध्ये जाईपर्यंत. प्रयोग गाजला की नाव नटाचं होतं. पण पुढचा प्रयोग असतो तो अशा माणसामुळे. आमच्याकडे ताईंनी गोष्ट रचायची, माणसं गोळा करायची, तारखा जुळवायच्या आणि वर चिवडाही आणायचा, असा कारभार. एका बैठकीची तयारी करायला त्यांना तीन-चार तास लागतात. एवढं करून आयत्या वेळी दोघांचे "आज जमत नाही" आले, की त्या माउलीला काय वाटत असेल?

मुद्द्यावर येतो. आम्हाला पुन्हा बसायचं असेल तर काय करायचं? मी पौर्णिमा सुचवलीय. एकादशी भजनाची, चतुर्थीला कडावच्या गणपतीला गर्दी, अमावास्येचं नाव काढलं तर आई घरातून बाहेर पडू देणार नाही. पौर्णिमा बरी. रस्त्यावरचे दिवे गेले तरी परत जाताना बाइकवाल्याला खड्डे दिसतात. (पावसाळ्यातले चार महिने हा मुद्दा मागे घेतो.)

यात नवं काही नाही हो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला 'लुनर सोसायटी' नावाचा कंपू होता. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट, त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन, चार्ल्स डार्विनचा आजोबा इरॅस्मस डार्विन, असली मंडळी. हे लोक पौर्णिमेच्या सुमारास जमायचे, का, तर रात्री घरी जाताना घोड्याला रस्ता दिसावा! आधी पौर्णिमेजवळचा रविवार होता. जोसेफ प्रीस्टली आला, तो धर्मोपदेशक, त्याला रविवारी चर्चचं काम, म्हणून सोमवार केला. पण वार बदलला तरी चंद्र सोडला नाही. त्यांच्यातला विल्यम स्मॉल नावाचा डॉक्टर सगळ्यांना जोडून ठेवायचा. तो १७७५ मध्ये वारला, तेव्हा बोल्टनने बैठकांना शिस्त लावून घेतली. शेवटी १८१३ च्या सुमारास तो कंपू संपला, कारण जुने गेले आणि नवे फारसे आले नाहीत. वॉटसारख्यांनाही जे चुकलं नाही ते आपल्याला कुठून चुकणार? म्हणून आपल्या मंडळासारखं, चुकीची थाप मारणारं पोरगं शेजारी बसवून ठेवलेलं बरं.

तर प्रस्ताव असा.

एक, पौर्णिमेला रात्री साडेआठला औषधांच्या दुकानामागच्या खोलीत बसायचं. होळी वगळून, शिमग्याला गावात कोण कोणाला सापडणार? आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी भाद्रपदातली पौर्णिमा येते, तेव्हा डोळे उघडे असतील त्यांनी यावं.

दोन, चार जण आले की खेळ. तीन आले तर चहा, गप्पा आणि नकाशा. दोन आले तर दोघांनी मिळून तिसऱ्याच्या घरी जायचं.

तीन, प्रत्येक बैठक पेठ गावातून सुरू, आणि रात्र संपायच्या आत पात्रं पेठ गावात परत. सुळक्याच्या जिन्यात अर्धवट कोणी अडकायचं नाही. जो आला नाही त्याचं पात्र गावात म्हशी राखत होतं असं समजायचं.

चार, ताईंनी फक्त गोष्ट सांगायची. माणसं आणि चिवडा आम्ही बघू. वर्षातून दोन पौर्णिमा दुसऱ्या कोणी गोष्ट सांगायची, कितीही वाईट सांगता आली तरी.

पाच, जो आला नाही त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी कोणीतरी जायचं, किंवा निदान फोन. "का आला नाहीस" असं विचारायचं नाही. काय झालं ते सांगायचं.

यावर आक्षेप आलेला आहे, तोही लिहितो. कंपूतला एक जण म्हणतो, "अशाने ती जुनी गोष्ट पुन्हा रंगायची नाही. पाच जण, तीन वर्षं, एकच मोहीम, ती मजा वेगळी होती." खरं आहे. ती मजा वेगळी होती आणि ती परत येणार नाही. आम्ही तेव्हा अकरा महिन्यांत अठ्ठावीस वेळा बसलो होतो, कारण तेव्हा आप्पा धडधाकट होते, वहिनींची पोरं झालेली नव्हती आणि फार्महाऊसला एवढी गिऱ्हाईकं नव्हती. ते दिवस आपण कमावलेले नव्हते, मिळालेले होते. आता जे काही बसणं होईल ते कमवावं लागेल. विस्कळीत असेल, गोष्टीला ठिगळं असतील, कधी चोरच नसेल तर कुलूप दगडाने फोडावं लागेल. पण चाळिशीच्या पुढे ठिगळांशिवाय काय मिळतं, सांगा? आणि ताईंची बदली व्हायचं घाटतंय. ती झाली तर त्या दर पौर्णिमेला येणार नाहीत, दोन-तीन महिन्यांतून एखाद्या पौर्णिमेला येतील. 'सगळे जमतील तेव्हा' वर राहिलो तर बदलीच्या दिवशी खेळ संपला. पौर्णिमेवर राहिलो तर त्यांना यायला जागा राहील.

तुमच्याकडे काय चालतं? भिशी, वाचनाचा कट्टा, डोंगर चढणारे, कोणीही असा, दहा वर्षांपेक्षा जास्त टिकलेला कंपू असेल तर कसा टिकला ते जरूर कळवा. आत्या, तुमच्या हळदीकुंकवाच्या बायका तीस वर्षं कशा जमतात तेही सांग, नुसती हसू नकोस.

असो. येत्या पौर्णिमेला साडेआठला मी खोली उघडतोय. कोण कोण येणार आहे, ते विचारलेलं नाही.